वाचकांचे प्रश्न: ड्रायव्हर हरवला म्हणजे चकती गेली का?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच अडचणीची आहेत. जुना, आता दुर्मीळ झालेला डिस्क ड्राइव्ह घरात किंवा कार्यालयात पडून आहे, त्याच्या चकत्याही जपलेल्या आहेत, पण संगणकाला तो ओळखता यावा म्हणून लागणारा ड्रायव्हर मात्र हरवला आहे. सर्वांसाठी एक सूचना आधीच देतो. ड्रायव्हरचा शोध पुरा होईपर्यंत महत्त्वाची चकती ‘चालते का बघू’ म्हणून ड्राइव्हमध्ये घालू नये. ड्रायव्हर आज ना उद्या मिळतो, निदान नव्याने लिहिता तरी येतो. चकतीवरचा खरवडलेला लेप परत येत नाही.

प्रश्न: १९९७ च्या सुमारास मी येथे नोकरीला लागलो, तेव्हा ‘अ‍ॅव्हटार’ कंपनीचा ‘शार्क’ नावाचा २५० एमबीचा ड्राइव्ह विकत घेतला होता. तो प्रिंटरच्या पोर्टला जोडावा लागतो. त्याच्या कार्ट्रिजमध्ये वडिलांच्या पत्रांचे स्कॅन आहेत. कंपनी केव्हाच बंद पडली आणि सोबत आलेल्या फ्लॉप्या घर बदलताना गहाळ झाल्या. ड्रायव्हर कोठे मिळेल?
— एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर: आपण ज्याचा शोध घेत आहात, तो कंपनीचा मूळ ड्रायव्हर आपल्याला बहुधा लागणारच नाही. प्रिंटरच्या म्हणजे पॅरलल पोर्टला जोडायचे त्या काळचे बहुतेक ड्राइव्ह मुळात निराळे यंत्र नव्हते. पेटीच्या आत आयडीई पद्धतीचा, म्हणजे संगणकाच्या आतल्या डिस्कसारख्या जोडणीचा, ड्राइव्ह असे आणि त्याच्या व पोर्टच्या मधे एक सेतू-चिप बसवलेली असे. अशा चिप बनवणाऱ्या कंपन्या थोड्या होत्या आणि त्यांच्या चिप अनेक नाममुद्रांखाली विकल्या जात. त्यामुळे ड्रायव्हर शोधताना पेटीवरचे नाव फारसे कामाचे नसते, आतली चिप कोणती हे कळले की अर्धे काम होते.

शार्कच्या बाबतीत हे उत्तर पूर्वीच शोधून ठेवलेले आहे. लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीमध्ये १९९० च्या दशकात ‘पॅराईड’ नावाचा ड्रायव्हरसमूह तयार झाला आणि त्याच्या माहितीपत्रकात कोणत्या ड्राइव्हला कोणता उपड्रायव्हर लागतो याचा तक्ता दिला गेला. त्या तक्त्यात अ‍ॅव्हटार शार्कच्या पुढे ‘ईपॅट’ असे नाव आहे. ईपॅट ही शटल कंपनीची सेतू-चिप. सायक्वेस्टचा ईझेड-१३५, त्याच कंपनीचा स्पार्क्यू आणि इमेशनचा सुपरडिस्क यांच्या पॅरलल आवृत्त्याही त्याच तक्त्यात ईपॅटच्याच नावावर आहेत. म्हणजे चार वेगवेगळ्या पेट्यांचे ‘हरवलेले’ ड्रायव्हर शोधणारे चौघे जण प्रत्यक्षात एकाच गोष्टीच्या मागे असतात आणि ती हरवलेलीच नसते. २०२३ मध्ये जुना पॅराईड लिनक्समधून काढण्यात आला, पण त्याच्या जागी ‘पाटा-पारपोर्ट’ हा नवा ड्रायव्हर आला आणि चिपशी बोलण्याच्या जुन्या पद्धती त्यात उतरवून घेतल्या गेल्या. लिनक्सच्या जुन्या वितरणाची (तयार संचाची) सीडी वापरली तरी चालेल, नवे वितरण वापरले तरी चालेल.

आपल्याला लागेल तो खराखुरा पॅरलल पोर्ट असलेला संगणक. यूएसबीला लावून पॅरलल पोर्ट देणारी जी केबल बाजारात मिळते, ती संगणकाला केवळ ‘प्रिंटर’ म्हणून दिसते. पोर्टच्या रजिस्टरांना (चिपमधल्या नियंत्रणाच्या कप्प्यांना) थेट हात घालण्याची सोय तिच्यात नसते आणि हे ड्राइव्ह तर त्याच सोयीवर चालतात. म्हणून जुना डेस्कटॉप शोधावा, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) पोर्ट सुरू आहे याची खात्री करावी आणि ईपॅटला प्रारंभी सर्वांत संथ अशा चार-बिटी पद्धतीने चालवावे. वेग नंतर वाढवता येतो. ड्राइव्ह ओळखला गेला की फाइली उघडून पाहण्याचा मोह टाळून आधी संपूर्ण कार्ट्रिजची सेक्टर-सेक्टर (सेक्टर म्हणजे चकतीवरचा मजकुराचा छोटा तुकडा) प्रत घ्यावी. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन उत्तम, कारण ते वाईट सेक्टरवर अडून न बसता पुढचा भाग आधी उतरवून घेते आणि अडलेल्या जागांकडे नंतर परतते. वडिलांची पत्रे त्या प्रतीतून काढावीत, कार्ट्रिजला पुन्हा हात लावू नये.

पेटी तक्त्यात नसलेली निघाली, तर तिच्या तळाशी अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण-नियामक संस्थेचा क्रमांक छापलेला आहे का ते पाहावे. त्या क्रमांकाची पहिली अक्षरे ज्या कंपनीच्या नावे मंजुरी झाली तिची असतात, आणि पुष्कळदा ती पेटीवरच्या नाममुद्रेपेक्षा वेगळीच कंपनी निघते. एफसीसीची नोंदवही सार्वजनिक आहे.

प्रश्न: आमच्या छापखान्यात १०० एमबीच्या झिप चकत्यांवर जुन्या दिवाळी अंकांची पाने आहेत. ड्राइव्ह पॅरलल पोर्टचा आहे. ‘गेस्ट’ नावाची फाइल लागते असे ऐकले. ती मिळवली, पण ती चालू केल्यावर ड्राइव्ह सापडत नाही असा संदेश येतो.
— एक मुद्रक, सांगली

उत्तर: गेस्ट हा झिप बनवणाऱ्या आयोमेगा कंपनीचा, डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर चालणारा कार्यक्रम एकटा काम करत नाही. त्याच्या शेजारी गेस्टची आयएनआय फाइल आणि ‘अ‍ॅस्पी’ने सुरू होणाऱ्या नावांच्या पोर्टविषयक ड्रायव्हर-फाइली असाव्या लागतात. पुष्कळ ठिकाणी केवळ ईएक्सई फाइल जपलेली दिसते आणि ज्यांच्यावाचून ती निरुपयोगी आहे, त्या फाइली वगळलेल्या असतात. म्हणून एकेक फाइल गोळा करण्यापेक्षा मूळ फ्लॉपीची संपूर्ण प्रतिमा (तिच्यावरच्या सगळ्या मजकुराची जशीच्या तशी एकच फाइल) मिळवणे चांगले.

आपल्याकडे विंडोज ९८ चा चालू संगणक असेल तर याचीही गरज नाही, कारण त्यात पॅरलल झिपचा आधार अंगभूत आहे. लिनक्समध्ये दोन ड्रायव्हर आहेत, ‘पीपीए’ आणि ‘आयएमएम’. ऑगस्ट १९९८ नंतरचा ड्राइव्ह किंवा झिप प्लस असेल तर आयएमएम, त्यापूर्वीचा असेल तर पीपीए. तारीख माहीत नसेल तर केबलच्या टोकावर ‘ऑटोडिटेक्ट’ असे छापलेले आहे का ते पाहावे. असेल तर आयएमएम. ड्राइव्ह ओळखला जाऊनही चकती रिकामी दिसली तर घाबरू नये. झिपच्या चकत्यांवर कारखान्यातून येणारे विभाजन (चकतीचा स्वतंत्र आखलेला भाग) पहिले नसून चौथे असते आणि आपण चुकीच्या विभाजनात पाहत असण्याची शक्यता मोठी आहे.

एक धोका मात्र गंभीर आहे. चकती घातल्यावर ड्राइव्ह पुन्हापुन्हा टकटक आवाज करू लागला तर चकती लगेच काढावी आणि त्या ड्राइव्हमध्ये दुसरी घालू नये. बिघडलेले हेड चकतीची कड फाडते आणि फाटलेली चकती पुढच्या चांगल्या ड्राइव्हचे हेड बिघडवते. साथीच्या रोगासारखा हा प्रकार पसरतो आणि त्याच्यावर कोणताही ड्रायव्हर हा उपाय नाही.

प्रश्न: ‘सर्व जुने ड्रायव्हर एका क्लिकवर’ असे सांगणारे कार्यक्रम उपयोगी आहेत का?
— एक वाचक, अकोला

उत्तर: दुर्मीळ ड्राइव्हसाठी नाहीत. ते आजच्या विंडोजमधल्या उपकरणांच्या ओळखक्रमांकांवरून शोध घेतात; ज्या काळी असे क्रमांकच नव्हते, त्या काळच्या ड्राइव्हची त्यांना गंधवार्ता नसते. त्यांच्याबरोबर नको ते कार्यक्रम संगणकात शिरतात ते वेगळेच. शोध घ्यायचा तर इंटरनेट आर्काइव्हवर ठेवलेल्या जुन्या सीडींमध्ये घ्यावा. वॉलनट क्रीक ही कंपनी १९९१ पासून सार्वजनिक एफटीपी (इंटरनेटवरून फाइली उतरवून घेण्याच्या) संग्रहांच्या सीडी काढत असे, आणि मूळ संग्रह नाहीसे झाले तरी त्या सीडींच्या प्रती उरल्या आहेत. आपल्याकडे संगणकविषयक इंग्रजी मासिकांबरोबर सीडी येत, त्यांच्यातही ड्रायव्हरांचे कप्पे असत. रद्दीत दिसल्या तर सोडू नयेत. शोधताना ‘अमुक ड्राइव्हचा ड्रायव्हर’ असे न लिहिता फाइलचे नेमके आठ-अक्षरी नाव लिहावे. ते नाव जुन्या पुस्तिकेत किंवा जुन्या संगणकाच्या कॉन्फिग.सिस या, सुरू होताना कोणते ड्रायव्हर घ्यायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये सापडते.

प्रश्न: वडिलांच्या हिशेबनीसाच्या कार्यालयातील संगणकात सीगेटची एसटी-२५१ ही ४० एमबीची हार्ड डिस्क आहे. सी विभाजन दिसते, पण डी दिसत नाही, आणि सर्व खातेवह्या डीवर आहेत. मध्यंतरी कोणीतरी ‘सफाई’ केली होती. तंत्रज्ञ म्हणतो की डिस्क चालवणाऱ्या कार्डाच्या रॉममधून (कायमच्या स्मृतीच्या चिपमधून) डिस्क पुन्हा फॉरमॅट केल्यास ती ठीक होईल.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: तंत्रज्ञाला कृपया थांबवावे. तो ज्याविषयी बोलत आहे, ते लो-लेव्हल फॉरमॅट, म्हणजे डिस्कची मुळापासून नव्याने आखणी, आहे. त्या काळच्या वेस्टर्न डिजिटलच्या कार्डांवर ते डॉसच्या डीबग या कार्यक्रमात सी८००:५ या पत्त्यावर उडी मारून सुरू होते. त्याने डिस्क ‘ठीक’ होईलही, पण कोरी होऊन.

आपल्या डिस्कला ८२० सिलिंडर, ६ हेड आणि प्रत्येक ट्रॅकला १७ सेक्टर आहेत. एका सेक्टरला ५१२ बाइट धरून गुणाकार केला की सुमारे ४.२८ कोटी बाइट होतात. त्या वेळचे डॉस ३.३ मात्र एका विभाजनात ३२ एमबीपेक्षा जास्त पाहू शकत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी अशा डिस्कबरोबर ऑनट्रॅक कंपनीचे डिस्क मॅनेजर पुष्कळदा दिले जाई. ते डिस्कचा उरलेला भाग स्वतःच्या खास प्रकारच्या विभाजनात बांधत असे आणि तो भाग डॉसला दाखवण्याचे काम डीएमडीआरव्हीआर.बिन हा ड्रायव्हर करत असे. कॉन्फिग.सिसमधली त्याची एक ओळ किंवा ती फाइल गेली की डी नाहीसे होते. आपल्याकडच्या सफाईत बहुधा हेच झाले आहे, कारण ‘बिन’ म्हटले की ती कचऱ्याची फाइल असा समज करून घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

यातला दिलासा असा की, डी दाखवणारा ड्रायव्हर डीवर ठेवता येत नाही. तो सुरुवातीलाच वाचला जावा म्हणून सी विभाजनातच असावा लागतो, आणि सी आपल्याला दिसते आहे. डॉस फाइल पुसते तेव्हा तिच्या नोंदीतले पहिले अक्षर बदलून तेथे ई५ हा बाइट लिहिते आणि तिने व्यापलेली जागा मोकळी झाल्याची नोंद करते. मजकूर तेथेच राहतो, वरून दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणून त्या संगणकावर आता एकही फाइल नव्याने साठवू नये आणि पुसलेली फाइल परत आणणारा कार्यक्रमसुद्धा त्या डिस्कवर न ठेवता फ्लॉपीवरूनच चालवावा.

डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावण्याचा विचार असेल तर तिच्याबरोबर तिचे कंट्रोलर कार्डही न्यावे. या पिढीत ट्रॅकवर सेक्टर कसे आखायचे हे डिस्क ठरवत नसून कार्ड ठरवत असे, आणि एका कंपनीच्या कार्डाने आखलेली डिस्क दुसरीच्या कार्डाला वाचता येईलच असे नाही. त्याहून चांगला मार्ग म्हणजे बीगलबोन या छोट्या संगणकावर आधारित एमएफएम (अशा जुन्या हार्ड डिस्कची नोंदपद्धत) रीडर. तो कार्डाला बाजूला ठेवून डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो आणि अर्थ नंतर लावतो. एकदा संपूर्ण प्रतिमा हाती आली की विभाजनतक्त्यातला प्रकार पाहावा. तेथे डिस्क मॅनेजरचा ५० किंवा ५१ हा सोळा-आधारी अंक असेल तर आपला तर्क बरोबर ठरतो. आतली रचना मूलतः फॅट या डॉसच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमचीच असल्याने, विभाजन कोठे सुरू होते हे शोधून ते ड्रायव्हरशिवायही उघडता येते. मात्र काही विभाजनांत तार्किक सेक्टर ५१२ बाइटांपेक्षा मोठे असतात, त्यामुळे ‘फाइलसिस्टिम खराब आहे’ असा संदेश आला तरी लगेच दुरुस्तीचा कार्यक्रम चालवू नये.

वाचण्यापूर्वी डिस्क अर्धा तास नुसती फिरत ठेवावी. या डिस्कचे हेड स्टेपर मोटरने सरकते. यंत्र गार असताना ते ट्रॅकच्या मध्यापासून किंचित ढळलेले असते आणि एरवी दिसणारे सेक्टर वाईट असल्याचा भास होतो.

प्रश्न: आमच्या स्टुडिओत मॅकिंटॉशवर वापरलेल्या सायक्वेस्टच्या ४४ एमबीच्या कार्ट्रिज आहेत. मॅक राहिला नाही, ड्राइव्ह आहे. मॅकचा ड्रायव्हर पीसीवर कसा चालवावा?
— एक चित्रकार, पुणे

उत्तर: तो चालवावा लागणार नाही, आणि गंमत अशी की तो हरवलेलाही नाही. मॅकमध्ये स्कझी या जोडणीच्या डिस्कचा ड्रायव्हर डिस्कवरच ठेवण्याची पद्धत होती. कार्ट्रिजच्या शून्याव्या ब्लॉकमध्ये ‘ईआर’ या दोन रोमन अक्षरांनी सुरू होणारा तक्ता असतो, ड्रायव्हर कोणत्या ब्लॉकपासून आहे हे तो सांगतो आणि मॅकचा रॉम त्यानुसार ड्रायव्हर उचलतो. आपल्या कार्ट्रिज ज्या साधनाने तयार केल्या, त्याचा ड्रायव्हर त्या कार्ट्रिजवरच आहे. म्हणून एखादी कार्ट्रिज ‘कोरी’ समजून पुसण्यापूर्वी तिचीही प्रतिमा घेऊन ठेवावी. दुसऱ्या कोणाला त्याच आवृत्तीची गरज असू शकते.

पीसीसाठी पीसीआय खाचेत बसणारे जुने स्कझी कार्ड घ्यावे. अ‍ॅडॅप्टेकचे २९४० लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या मालात अजून दिसते. स्कझी साधनांच्या साखळीच्या टोकाला टर्मिनेटर (संकेत उलटू न देणारी टोपी) लावावा. लिनक्सला तो ड्राइव्ह सामान्य स्कझी डिस्क म्हणून दिसेल. प्रतिमा घेतल्यावर एचएफएस ही मॅकची फाइलसिस्टिम एचएफएस-युटिल्स या साधनसंचाने वाचता येते. फाइली काढताना मॅकच्या फाइलींना दोन शाखा असतात हे लक्षात ठेवावे, कारण फॉन्टसारख्या फाइलींचा सारा ऐवज दुसऱ्या शाखेत असतो आणि साध्या नकलेत तो गळून शून्य बाइटांची फाइल उरते. सायक्वेस्टने १९९८ मध्ये दिवाळखोरी पत्करली, तेव्हा कंपनीकडून मदतीची अपेक्षा नाही. पण स्कझीवर चालणाऱ्या ड्राइव्हला ती लागतही नाही.

प्रश्न: एका बंद पडलेल्या संगणक-संस्थेच्या कपाटात ड्रायव्हरच्या शंभरेक फ्लॉप्या सापडल्या. काहींवर पांढरी बुरशी आहे, काहींची लेबले गळून पडली आहेत. यांचे काय करावे?
— एक शिक्षक, रत्नागिरी

उत्तर: कोकणच्या हवेत हे होणारच. सर्वप्रथम फ्लॉप्या दमट कपाटातून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात आणि प्रत्येकीवरचे किंवा तिच्याजवळ पडलेले लेबल छायाचित्रात टिपावे. आवृत्तिक्रमांक पुष्कळदा फाइलमध्ये नसून केवळ लेबलवर असतो. मग लिहिण्याला अटकाव करावा. साडेतीन इंची फ्लॉपीची खिडकी उघडी ठेवली की ती सुरक्षित असते, सव्वापाच इंची फ्लॉपीची खाच चिकटपट्टीने झाकली की सुरक्षित असते, आणि आठ इंची निघालीच तर तिथे नेमके उलटे आहे: खाच झाकली की लिहिता येते.

बुरशी असलेली चकती तशीच फिरवली तर तिचा लेप निघतो आणि हेडवर बसून पुढच्या चकतीलाही ओरखडतो. सव्वापाच इंची फ्लॉपी असेल तर आवरणाची एक कड अलगद उघडून चकती बाहेर काढावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलक्या हाताने पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि एखाद्या चांगल्या पण निरुपयोगी फ्लॉपीच्या आवरणात घालून वाचावी. प्रत्येक बुरशीच्या फ्लॉपीनंतर ड्राइव्हचे हेड पुसावे. कंटाळवाणे आहे, पण वाया गेलेल्या फ्लॉप्यांपैकी बऱ्याच या एका आळसाने गेल्या आहेत असे माझे मत आहे.

वाचण्यासाठी ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्स यांसारखा फ्लक्स, म्हणजे चकतीवरचे चुंबकीय बदल, वाचणारा बोर्ड वापरावा. संगणकाचा नेहमीचा फ्लॉपी कंट्रोलर सेक्टर एक तर ‘बरोबर’ म्हणून देतो किंवा ‘चूक’ म्हणून नाकारतो. हे बोर्ड चुंबकीय बदलांमधले अंतर अनेक फेऱ्यांत टिपून ठेवतात आणि अर्थ लावण्याचे काम नंतर शांतपणे, हवे तितक्या वेळा करता येते. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचायला हरकत नाही, फक्त त्याच्या ८० ट्रॅकांपैकी एकाआड एक ट्रॅक वाचायचा आहे हे साधनाला सांगावे. त्या ड्राइव्हने तिच्यावर लिहू मात्र नये, कारण त्याचे हेड अरुंद पट्टी लिहिते आणि जुन्या रुंद पट्टीच्या कडा तशाच राहून दोन्ही मजकुरांची सरमिसळ होते.

लेबल नसलेल्या किंवा पुसलेल्या फ्लॉपीत ड्रायव्हर आहे की नाही हे प्रतिमेतूनच ओळखता येते. १९८३ च्या डॉस २.० पासून ड्रायव्हरची सुरुवात १८ बाइटांच्या ठरावीक शीर्षाने होते. पहिले चार बाइट पुढच्या ड्रायव्हरचा पत्ता असतात आणि फाइलमध्ये ते बहुधा चारही एफएफ असतात. पुढे दोन बाइट गुणधर्मांचे, मग दोन-दोन बाइट दोन प्रवेशबिंदूंचे आणि शेवटी आठ बाइट नावाचे. गुणधर्मांतला सर्वांत वरचा बिट शून्य असेल तर तो डिस्कसारख्या साधनाचा ड्रायव्हर आहे आणि नावाच्या जागी पहिल्या बाइटमध्ये तो किती ड्राइव्ह सांभाळतो ती संख्या असते; तो बिट एक असेल तर अक्षरशः नाव असते. सीडी-रॉमचे ड्रायव्हर या दुसऱ्या प्रकारात मोडतात. प्रतिमेत सेक्टरच्या सुरुवातीला ओळीने चार एफएफ दिसले आणि पुढचे आकडे या चौकटीत बसले, तर तेथे एखादा ड्रायव्हर सुरू होत असण्याचा संभव मोठा.

शेवटी प्रत्येक प्रतिमेची एसएचए-२५६ बेरीज (प्रतिमा पुढे बदलली तर कळावे म्हणून तिचा ठसा) काढून ती लेबलच्या छायाचित्रासह ठेवावी. सुट्या फाइली काढून ठेवल्या तरी प्रतिमा टाकून देऊ नये. सांगलीच्या मुद्रकांना आलेली अडचण नेमकी याच चुकीतून निर्माण होते.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयातील जुन्या काढता-घालता डिस्क ड्राइव्हला स्वतःचे वेगळे कार्ड आहे. ड्रायव्हर कोठेच नाही, अगदी कोठेही नाही. मग मार्ग संपला का?
— एक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: आधी कार्डावर रॉमची चिप आहे का ते पाहावे. ज्या कार्डावरून संगणक सुरू करता येत असे, त्याच्या रॉममध्ये ड्राइव्हशी बोलणारा कार्यक्रम असावाच लागतो, म्हणजे ड्रायव्हरचा गाभा चिपमध्येच आहे. पीसीच्या स्मृतीत सी८००० पासून पुढे, दर २ केबीच्या सीमेवर ५५ आणि एए हे बाइट शोधावेत. तिसरा बाइट रॉमची लांबी ५१२ बाइटांच्या पटीत सांगतो. तेवढा भाग डीबगने फाइलमध्ये उतरवावा आणि सर्व बाइटांची बेरीज करावी. बेरजेला २५६ ने भागून बाकी शून्य आली तर वाचन बहुधा निर्दोष आहे. चिपला काचेची खिडकी असेल तर तिच्यावरचा कागद काढू नये, कारण अतिनील प्रकाशाने आतला मजकूर पुसला जातो.

मिळालेला कोड गिद्रा या कोड उकलणाऱ्या साधनात उघडावा. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये खुले केलेले हे साधन १६-बिटी इंटेल कोड वाचते. कोड कोणत्या पोर्टवर कोणता बाइट लिहितो आणि कोणत्या बिटची वाट पाहतो एवढे कळले की नवा ड्रायव्हर लिहिण्यासाठी लागणारी निम्मी माहिती हाती आली. डॉसकडून ड्रायव्हरची काय अपेक्षा असते, हे आता मूळ स्रोतातच वाचता येते, कारण मायक्रोसॉफ्टने डॉसच्या १.२५, २.० आणि ४.०० या आवृत्त्यांचा स्रोत खुला केला आहे. कार्डाची तांत्रिक पुस्तिका ‘बिटसेव्हर्स’ या संग्रहात आहे का तेही पाहावे. तेथे अनेक दुर्मीळ नियंत्रकांची कागदपत्रे स्कॅन करून ठेवली आहेत.

रॉमही नसेल तर ड्रायव्हरच्या खाली उतरावे लागते, आणि हे शक्य असल्याचे सर्वांत मोठे उदाहरण ब्रिटनचे आहे. बीबीसीने १९८६ मध्ये, इंग्लंडच्या १०८६ च्या डोम्सडे या नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून, देशभरातल्या लोकांकडून मजकूर व छायाचित्रे गोळा करून ती लेझरच्या मोठ्या चकत्यांवर घातली. त्या वाचण्यासाठी फिलिप्सचा व्हीपी४१५ हा खास प्लेअर, एकॉर्नचा बीबीसी मास्टर संगणक आणि त्या चकत्यांसाठीच लिहिलेली रॉममधली फाइलसिस्टिम, असे तीनही एकत्र लागत. पंधरा वर्षांतच असा चालू संच मिळणे दुरापास्त झाले, तर नऊशे वर्षांपूर्वीची मूळ नोंदवही मात्र वाचता येत होती. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या कॅमिलिऑन प्रकल्पाने २००२ मध्ये संपूर्ण संचाचे अनुकरण करून दाखवले. पुढे हौशी अभियंत्यांच्या डोम्सडे८६ या प्रकल्पाने तर प्लेअरच्या लेझरकडून येणारा कच्चा संकेतच टिपणारा बोर्ड बनवला आणि त्यातून चित्र व माहिती दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये उलगडली. फाइलसिस्टिमचा प्रश्न त्यांनी सर्वांत शेवटी, हाती असलेल्या प्रतिमेवर सोडवला. आपणही तोच क्रम ठेवावा. महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स विभाग असेल तर तेथील लॉजिक अ‍ॅनलायझर (तारांवरचे संकेत टिपणारे उपकरण) कार्ड आणि ड्राइव्ह यांच्यामधल्या केबलवर लावावा. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही.

प्रश्न: बंद पडलेल्या कंपनीचा ड्रायव्हर उतरवणे, उकलणे आणि इतरांना देणे कायदेशीर आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर: या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-कार्यक्रम साहित्यकृतीत मोडतो आणि कंपनी बंद पडल्याने हक्क संपत नाही. तो कोणाकडे तरी गेलेला असतो, भले त्या कोणाला त्याचा पत्ता नसेल. मात्र कलम ५२(१) च्या (कक), (कख) आणि (कग) या, इंग्रजी पाठातल्या ‘एए’ ते ‘एसी’ या उपखंडांनी, ज्याच्याकडे कार्यक्रमाची प्रत वैधपणे आहे त्याला नाश टाळण्यासाठी राखीव प्रत करण्याची, स्वतंत्रपणे लिहिलेल्या कार्यक्रमाशी सांगड घालण्यास आवश्यक आणि अन्यत्र सहज न मिळणारी माहिती काढण्याची, आणि तो कसा चालतो याचे निरीक्षण करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे आपल्या फ्लॉपीची प्रतिमा घेणे आणि तिच्यावरून नवा ड्रायव्हर लिहिण्यासाठी अभ्यास करणे यांस आधार आहे. मूळ ड्रायव्हर जाहीरपणे वाटणे यास त्या उपखंडांचा आधार नाही. नव्याने लिहिलेला स्वतःचा ड्रायव्हर आणि चिपशी बोलण्याच्या पद्धतीचे टिपण मात्र आपण खुशाल प्रसिद्ध करू शकता. हे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे; एखाद्या संस्थेचा संग्रह खुला करायचा असेल तर वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा.